वाचकांचे प्रश्न : टेबलावर मावणारे गेम मशीन

प्रश्न : शाळेत असताना रुपयाचे नाणे टाकून व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जी मशीन खेळलो, तसे एक घरी बांधावे अशी फार दिवसांची इच्छा आहे. भिंतीवर दोन फळ्या ठोकण्यापलीकडे सुतारकाम मी केलेले नाही. घरी ड्रिल मशीन, हातकरवत आणि टेप आहे. पूर्ण उंचीचे, उभे मशीन करण्याचा विचार आहे. एमडीएफ घ्यावे की प्लाय? — एक वाचक, भांडुप

उत्तर : पूर्ण उंचीच्या मशीनचा विचार आपण पहिल्या खेपेस सोडून द्यावा. १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’ या व्हिडिओ गेमचे उभे खोके साधारण पावणेसहा फूट उंच होते. तेवढ्या मापाच्या बाजू काढायच्या तर ८ बाय ४ फुटांचा अखंड प्लाय घरापर्यंत आणावा लागतो. तो बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये शिरत नाही आणि जिन्याच्या वळणावर फिरवताना भिंतीचा रंग आणि शेजाऱ्यांचा संयम दोन्ही खरवडले जातात. शिवाय खेळाची सारी मजा पडदा, दांडा (जॉयस्टिक) आणि बटणे यांतच असते; खालच्या उंच भागात नाण्यांची पेटी असे. म्हणून टेबलावर ठेवता येईल असे, ६० सेंमी उंच आणि ५० सेंमी खोल खोके बांधावे.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, स्वस्त आणि कापायला सोपे असते हे खरे, परंतु मुंबईच्या पावसाळ्यात त्याच्या उघड्या कडा ओल धरून फुगतात आणि कडेत मारलेला स्क्रू फळी उकलून टाकतो. त्यापेक्षा १२ मिमी जाडीचा साधा कमर्शियल प्लाय घ्यावा. घरात कोरड्या जागी ठेवायच्या वस्तूला ‘आयएस ३०३’ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला प्लाय पुरतो, ‘आयएस ७१०’चा मरीन प्लाय स्वयंपाकघरातील ओट्याखाली शोभतो, इथे तो निव्वळ वाढीव खर्च आहे.

मॉनिटर आधी मिळवावा आणि मगच मापे काढावीत, हा क्रम मोडू नये. जुन्या कार्यालयीन संगणकाचा १९ इंची, जवळजवळ चौकोनी पडदा या कामाला उत्तम, कारण जुने गेम रुंद पडद्यासाठी आखलेलेच नव्हते. अशा मॉनिटरची चौकट धरून रुंदी सुमारे ४२ सेंमी भरते, म्हणून खोक्याची आतली रुंदी ४४ सेंमी ठेवावी. स्टँड काढल्यावर मागे चार स्क्रूंची भोके दिसतात. बहुधा त्यांच्यातील अंतर १०० मिमी असते. आडवी फळी टाकून मॉनिटर तिच्यावर कसता येतो. दोन बाजू, तळ, छत, पाठ आणि ही आडवी फळी असे सर्व भाग ४ बाय ४ फुटांच्या तुकड्यात बसतात. मापांचा कागद प्लायच्या दुकानात देऊन सरळ काप तिथल्या मशीनवरच करून घ्यावेत. कापणावळ द्यावी लागली तरी हातकरवतीने मीटरभर सरळ रेष साधण्याच्या खटाटोपापेक्षा ती स्वस्तच पडते. मात्र प्रत्येक कापात पात्याचे सुमारे ३ मिमी जातात, ते मापांत धरलेले असावेत.

उरतो तो पडदा मागे कलता राहावा म्हणून दोन बाजूंना द्यायचा तिरका आकार, आणि बहुतेकांचे काम बिघडते ते इथेच. माझ्या पहिल्या खोक्याच्या बाजू मी वेगवेगळ्या आखल्या आणि वेगवेगळ्या कापल्या. दोहोंत ४ मिमीचा फरक राहिला; ते खोके आजही एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी घालून उभे आहे. आपण आधी पुठ्ठ्याचा साचा करावा, तो टेबलावर उभा धरून हात ठेवून पाहावा, डोळ्यांची रेष पडद्याच्या मध्याशी येते का हे तपासावे, आणि पटले की तोच साचा दोन्ही फळ्यांवर आखावा. कापताना रेषेच्या बाहेर २ मिमी सोडावे. नंतर दोन्ही फळ्या शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) एकत्र आवळून, लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून कडा एकदमच घासाव्यात. घासताना दोन कडांची मिळून एकच कड झाली की काम झाले.

१२ मिमी प्लायच्या कडेत स्क्रू मारू नये, थर फाटतात. त्याऐवजी पाऊण इंच चौरस लाकडी पट्ट्या बाजूंच्या आतून फेविकॉल आणि स्क्रूने बसवाव्यात आणि तळ, छत, पाठ त्या पट्ट्यांना जोडावेत. पट्टी १९ मिमी आणि प्लाय १२ मिमी, एकूण जाडी ३१ मिमी. म्हणून २५ मिमीचा स्क्रू घ्यावा, म्हणजे त्याचे टोक बाहेर डोकावणार नाही. आधी बारीक भोक पाडल्याशिवाय पट्टीत स्क्रू मारू नये. खोके उभे राहिले की दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असतील तरच कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात आहेत. फरक असेल तर फेविकॉल ओला असतानाच लांब कर्णाच्या दिशेने शिकंजा आवळावा. पावसाळ्यात एक पूर्ण दिवस तरी शिकंजा सोडू नये.

बटणांच्या फळीसाठी मात्र ६ मिमी प्लाय वापरून खाली दोन आडव्या पट्ट्या द्याव्यात. जाड फळीत दांडा वर पुरेसा येत नाही आणि बटणाचा नट आट्यांपर्यंत पोहोचत नाही. चिमट्याने अडकणारी बटणे पातळ पत्र्यासाठी असतात, म्हणून नटाचीच मागावीत. बटण हातात आल्यावर त्याची मान, म्हणजे भोकात जाणारा भाग मोजावा. प्रचलित मोठे बटण ३० मिमीचे असले तरी २८ मिमीचीही सर्रास मिळतात. त्या मापाचा होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळेल. भोक पाडायच्या जागी मास्किंग टेप लावावी, खाली टाकाऊ प्लायचा तुकडा आवळावा, आणि मधल्या बारीक ड्रिलचे टोक पलीकडे निघाले की थांबून फळी उलटी करून उरलेला काप दुसऱ्या बाजूने पुरा करावा. एका दमात आरपार गेल्यास चिरफळ्या उडतात आणि त्या नेमक्या दर्शनी बाजूला दिसतात. पहिले भोक टाकाऊ तुकड्यातच पाडावे. बटण दाबून बसले, पण हलले नाही, तर माप बरोबर.

प्रश्न : आमच्या माळ्यावर पिक्चर ट्यूबचा जुना, चालू टीव्ही आहे. मूळ मशीनसारखे चित्र दिसावे म्हणून त्याची पेटी काढून तो आत बसवला तर? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपण तसे करू नये. चित्र मूळच्या अगदी जवळ दिसेल, यात शंका नाही. परंतु अशा ट्यूबवर हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तिच्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो. पेटी उघडल्यावर तो हाताला लागण्याची भीती असते. वजनामुळे १२ मिमीचे खोकेही पुरणार नाही. टीव्ही न उघडता ई-कचरा संकलनाकडे द्यावा. नवशिक्याने २३० व्होल्टच्या बाजूला इतकेच करावे : तीन पिनांचा तयार एक्स्टेन्शन बोर्ड आत कसावा आणि मॉनिटर व लहान संगणकाचे तयार अ‍ॅडॉप्टर त्यात खोचावेत. बटणांच्या वायरी, बटण दाबल्याचे संगणकाला कळवणाऱ्या यूएसबी बोर्डाला जोडायच्या असतात. तिथे ५ व्होल्टच असतात. उष्णता बाहेर पडावी म्हणून पाठीच्या फळीला खाली आणि वर भोकांची एकेक रांग ठेवावी.

प्रश्न : आत संगणक कोणता ठेवावा आणि गेम कोठून आणावेत? — एक वाचक, चेंबूर

उत्तर : ‘रास्पबेरी पाय ४’ हा एकाच बोर्डावरचा लहानसा संगणक पुरतो, त्याला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टरच द्यावा, मोबाइलचा जुना चार्जर लावल्यास तो खेळाच्या मध्येच अडखळू शकतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दोन्ही मिळतात. फुकट उतरवलेल्या जुन्या गेमबद्दल सांगायचे तर, ते जुने झाले म्हणून त्यांचा स्वामित्वहक्क संपलेला नाही. कंपन्यांनी जुन्या गेमचे संच संगणकासाठी विक्रीस ठेवले आहेत. ते खेळायचे असतील तर ‘पाय’ऐवजी घरातील जुना लॅपटॉप खोक्यात ठेवणे सोयीचे, कारण त्यांतील बरेचसे विंडोजवर चालतात. लॅपटॉप ठेवणार असाल तर पाठीची फळी स्क्रूने कायमची न बसवता बिजागरीवर ठेवावी. चालू करण्याचे बटण दाबायला रोज मागे हात घालावा लागतो.