पहिला स्कोप घेताना मेगाहर्ट्झच्या मागे लागू नकोस

तुझा प्रश्न नीट वाचला. सोलापूरच्या पूर्व भागात मामांचा यंत्रमाग कारखाना, तिथल्या एका मागाला तू प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की सिग्नल देणारा) आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) लावून पिक काउंटर (आडवा धागा किती वेळा टाकला ते मोजणारा) बनवलायस, आकडा मधेच उड्या मारतो, म्हणून पहिला ऑसिलोस्कोप (व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते पडद्यावर दाखवणारं यंत्र) घ्यायचाय आणि समोर तीन पर्याय आहेत: खिशात मावणारा स्वस्तातला छोटा स्कोप, लॅबमधून निघालेला २० मेगाहर्ट्झचा जुना सीआरओ (ट्यूबवाला अॅनालॉग स्कोप), नाहीतर थोडं थांबून टेबलावरचा नवा डीएसओ (सिग्नल साठवणारा डिजिटल स्कोप). मी म्हणेन थांब आणि तिसरा घे. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण स्कोप म्हटलं की सगळे आधी मेगाहर्ट्झ, म्हणजे बँडविड्थ (किती वेगाचा सिग्नल दाखवता येतो ते) विचारतात आणि तुझी अडचण तिथे नाहीच.

साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे पिक मारतो, म्हणजे सेन्सरकडून सेकंदाला दोन-अडीच पल्स, एवढा हळू सिग्नल कुठलाही स्कोप दाखवेल. पण आकडा चुकतोय तो बहुतेक या पल्समुळे नाही. शेजारच्या मागाचा स्टार्टर ओढला किंवा सोडला की सेन्सरच्या लांब वायरीत एखाद्या मायक्रोसेकंदाचा स्पाइक शिरतो, तू इंटरप्ट (सिग्नल येताच हातातलं काम सोडून तो मोजायची सोय) वापरत असशील तर आर्डुइनो त्यालाही पिक समजून मोजतो. आता हा स्पाइक कधी येईल याचा नेम नाही. जुन्या सीआरओवर तो क्षणभर चमकून जाईल, डोळ्याला दिसणारपण नाही, कारण त्यात साठवायची सोयच नसते, जे परत परत येतं तेच तिथे स्थिर दिसतं.

म्हणून मेमरी बघ, म्हणजे स्कोप एका वेळी सिग्नलचे किती पॉइंट साठवतो ते. समज तुला २ सेकंदांचा तुकडा एकदम पकडायचाय. स्कोपची मेमरी ८ हजार पॉइंटची असेल तर दोन पॉइंटमधलं अंतर झालं २५० मायक्रोसेकंद, तुझा १ मायक्रोसेकंदाचा स्पाइक त्या फटीतून सरळ निसटला. तेच मेमरी ८० लाख पॉइंटची असेल तर अंतर पाव मायक्रोसेकंद, मग त्याच स्पाइकवर तीन-चार पॉइंट पडतात आणि झूम करून तो बघता येतो. दुसरं म्हणजे ट्रिगर, म्हणजे काय आलं की पकडायचं ही स्कोपला घातलेली अट. सिंगल ट्रिगर (एकदा पकडून थांबणारा) तर हवाच, पण पल्स-विड्थ ट्रिगर असेल तर सोनं, त्याला सांगायचं की १०० मायक्रोसेकंदापेक्षा बारीक पल्स आला तरच थांब, आणि आपण चहा पिऊन यायचं. खरा पिक पल्स काही मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे स्कोप थांबला म्हणजे चोर सापडला.

बँडविड्थ अगदीच दुर्लक्ष करायची गोष्ट नाही, पुढे तू ईएसपी३२ (वायफायवाला बोर्ड), एसपीआय (चिपांमधली वेगवान जोडणी) असलं काही करशीलच. ५० मेगाहर्ट्झचा स्कोप म्हणजे ५० मेगाहर्ट्झची साइन वेव्ह तो खऱ्याच्या साधारण ७० टक्के उंचीची दाखवतो, म्हणजे त्या आकड्यापर्यंत सगळं अचूक असं नव्हे. ०.३५ भागिले बँडविड्थ केलं की स्कोपचा स्वतःचा राइज टाइम (सिग्नल खालून वर चढायला लागणारा वेळ) निघतो, ५० ला ७ नॅनोसेकंद आणि १०० ला साडेतीन. हॉबीला ५० ते १०० पुष्कळ झालं. छोट्या स्वस्त स्कोपच्या जाहिरातीत मात्र एक बघ, ठळक आकडा बरेचदा सॅम्पलिंग रेटचा (सेकंदाला किती पॉइंट घेतो त्याचा) असतो आणि बँडविड्थ कुठेतरी बारीक अक्षरात. डीएसओ१३८ हे किट तर २०० किलोहर्ट्झपर्यंतचंच आहे, सोल्डरिंग शिकायला उत्तम, पण एकमेव स्कोप म्हणून नको.

नावं घ्यायची तर हँटेकचा डीएसओ२सी१० बघ, दोन चॅनल, १०० मेगाहर्ट्झ, ८० लाख पॉइंट. चार चॅनल हवे असतील आणि बजेट ताणता येत असेल तर रिगॉलचा डीएचओ८०४, तो १२ बिटचा आहे त्यामुळे पॉवर सप्लायचा बारीक रिपल (व्होल्टेजचा चढउतार) स्वच्छ दिसतो. पैसे साठेपर्यंत २४ मेगाहर्ट्झचा आठ चॅनलवाला यूएसबी लॉजिक अॅनालायझर (सिग्नलचे फक्त ० आणि १ नोंदवणारा) घे, अगदी स्वस्त असतो, पल्सव्ह्यू सॉफ्टवेअर फुकट आहे, सिरियल आणि आय२सीची (चिपांमधल्या दोन वायरींच्या जोडणीची) निम्मी कामं त्यावर होतात. जुना सीआरओ कुणी जवळजवळ फुकट देत असेल तर ऑडिओसाठी ठेव, पैसे घालून नको, ट्यूब गेली की बदली मिळणं अवघड.

शक्य असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जा आणि दुकानात चालू करून बघूनच घे. प्रोब (स्कोपची मोजायची वायर) १०एक्सवर (सिग्नल दहापट लहान करून घेणाऱ्या सेटिंगवर) टाकून पुढच्या कॅलिब्रेशनच्या हुकाला लाव, १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल दिसेल, कोपरे गोल किंवा टोकदार असतील तर प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवून सरळ करायचे. दोन्ही चॅनल, दोन्ही प्रोब. प्रोब कायम १०एक्सवरच ठेव, १एक्सवर त्याची बँडविड्थ ५-६ मेगाहर्ट्झवर येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे दोनदा वाच. प्रोबची काळी क्लिप स्कोपच्या आतून थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती मेन्सच्या बाजूला, म्हणजे चार्जरच्या किंवा एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरीवर लावलीस तर सरळ शॉर्ट होईल, तिथे सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतो. त्यावर उपाय म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढा असं सांगणारे भेटतील, त्यांचं अजिबात ऐकू नकोस, स्कोपची बॉडीच लाइव्ह होते. मागाच्या थ्री फेज मोटरला आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर त्यालाही या प्रोबने हात लावायचा नाही, त्यासाठी डिफरन्शियल प्रोब (अर्थिंगला न जोडता दोन टोकांमधला फरक मोजणारा) लागतो. सेन्सरच्या २४ व्होल्ट सप्लायच्या डीसी बाजूला शून्यावर क्लिप लावायला हरकत नाही. जुन्या कारखान्यांत बऱ्याच सॉकेटला तिसरं भोक नुसतं नावाला असतं, तेव्हा स्कोप नेण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घे.

आणि स्कोप येईपर्यंत बसून राहू नकोस. सेन्सरची वायर शिल्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) घे, शिल्ड एकाच टोकाला जोड, पुल-अप रेझिस्टर (सेन्सरची लाइन वर ओढून धरणारा) १० के असेल तर २.२ के करून बघ, आणि कोडमध्ये शेवटच्या पिकनंतर २०० मिलिसेकंदांच्या आत आलेला पल्स मोजूच नकोस. आकडा त्यानंतरही उडत असेल तर सर्किटचा फोटो टाक, बघतो.