तापीत दहा किलोमीटर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: गावच्या जिल्हा परिषद शाळेला दोन वर्गखोल्या बांधायच्या आहेत. निधीसाठी तापी जयंतीला, म्हणजे आषाढ शुद्ध सप्तमीला, तापीत १५ किलोमीटर पोहायचं ठरवलंय. २५ मीटरच्या तलावात मी ५० मिनिटांत दोन किलोमीटर पोहतो. नदीत प्रवाहाची मदत मिळेलच. जमेल ना? (शहादा तालुका)

उत्तर: भाऊ, हेतू चांगला आहे, पण तारीख आणि अंतर दोन्ही बदला. तापी जयंती जून-जुलैत येते. तेव्हा वर मध्य प्रदेशात पाऊस झाला की हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडतात आणि खाली पाणी वाढतं. गढूळ पाण्यात स्वतःचा हात कोपरापर्यंतही दिसत नाही. वाहून येणारी बाभळीची खोडं अर्धी बुडालेली असतात, ती नाववाल्यालाही उशिरा दिसतात. जयंतीला घाटावर पूजा करा, पोहायचं हिवाळ्यात.

हिवाळ्यात मात्र प्रवाहाचा भरवसा धरू नका. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा या बॅरेजेसनी (दरवाजे असलेल्या बंधाऱ्यांनी) तुमच्याकडची तापी अडवलेली आहे. दरवाजे बंद असले की फुगवट्यातलं, म्हणजे बंधाऱ्यामागे साठलेलं, पाणी तळ्यासारखं उभं राहतं. थोडक्यात, तापी वाहते तेव्हा पोहण्याजोगी नसते आणि पोहण्याजोगी असते तेव्हा वाहत नाही. प्रत्येक मीटर हातानेच कापायचा आहे, हे धरूनच हिशोब करा.

आता तो हिशोब. तुमचा वेग १०० मीटरला अडीच मिनिटं. पण तलावात दर २५ मीटरला भिंतीला लाथ मारून तीन-चार मीटर फुकट मिळतात. तुमच्या दोन किलोमीटरमधले अडीचशे-तीनशे मीटर भिंतीने दिलेले आहेत. नदीत १०० मीटरला पावणेतीन मिनिटं धरा. १५ किलोमीटरला खाण्यापिण्यासकट सात तास होतात, १० किलोमीटरला पावणेपाच. पहिल्या वर्षी दहाच करा. वर्गखोल्यांना त्याने काही फरक पडत नाही.

महिना डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा फेब्रुवारी. खुल्या पाण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना पाणी १६ ते ३१ अंश सेल्सिअसच्या मध्ये असावं लागतं. मे महिन्यात उथळ फुगवटा वरची मर्यादा ओलांडू शकतो, आणि कोमट पाण्यात अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. जानेवारीच्या थंडीच्या लाटेत उलटा त्रास. तापमापी दोरीला बांधून सकाळी सातला अर्धा मीटर खोलीवर, आठवडाभर रोज मोजा. काठावर हात घालून अंदाज बांधू नका, काठाचं पाणी नेहमीच फसवतं.

सुरुवात उजाडल्यावर साडेसातला. तापी पश्चिमेला जाते, त्यामुळे सूर्य पाठीशी राहतो आणि पुढची खूण स्वच्छ दिसते. खूण उंच हवी: पूल, देवळाचं शिखर, जॅकवेलचा (नदीतून पाणी उपसणाऱ्या विहिरीचा) मनोरा. दर आठ-दहा हात मारल्यावर फक्त डोळे पाण्याबाहेर येतील एवढंच डोकं उचला. पूर्ण डोकं उचललं की कंबर बुडते आणि तासाभरात मान धरते.

मार्ग नकाशावर आखू नका, मार्गशीर्षातच एकदा नावेतून पूर्ण जाऊन पाहा आणि या गोष्टी टिपा. वाळू उपसलेले खड्डे: गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट दोन पुरुष खोलीत जातं, म्हणून उतरण्याची आणि बाहेर येण्याची जागा बांबूने चाचपून घ्या. शेतकऱ्यांच्या मोटारी: काठावरून पाण्यात गेलेली केबल, त्यावरचा टेपने गुंडाळलेला जोड, आणि थ्री-फेज लाइन येण्याची वेळ. अशा काठापासून ५० मीटर लांब राहा आणि त्या वेळेपुरत्या मोटारी बंद ठेवायला त्या शेतकऱ्यांशी स्वतः बोला, निरोप धाडू नका. जॅकवेलचं तोंड ओढ घेतं, तेही लांबूनच. बॅरेजच्या अलीकडे किमान अर्ध्या किलोमीटरवर पोहणं संपवा. एक दरवाजा फूटभर उचलला तरी वरून पाणी शांतच दिसतं, ओढ खाली असते. बॅरेजच्या खालच्या अंगाला तर पाणी उलटं फिरत राहतं, तिथे पट्टीचा पोहणाराही सुटत नाही.

मासेमारीची जाळी संध्याकाळी लागतात आणि पहाटे उचलली जातात. मच्छीमार सोसायटीला पोहण्याचा दिवस आधीच सांगून ठेवा. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे असं समजा. पाय अडकलाच तर लाथा मारायच्या नाहीत, नायलॉन आणखी आवळतो. उताणं व्हा, हात वर करा. नावेतल्या माणसाने कटरने जाळं कापायचं. जाळ्याचे पैसे नंतर भरून द्यायचे हे आधीच ठरलेलं असावं, म्हणजे कापताना कोणाचा हात अडखळणार नाही.

मगरींबद्दल गावात दहा तोंडं दहा गोष्टी सांगतील. रोज पाण्यात असणाऱ्या भोई-कोळी मंडळींना विचारा, वाळूवर ऊन खात पडलेली मगर कोणाला आणि कुठे दिसली. एकालाही दिसली असेल तर तो पट्टा सोडा.

परवानगीसाठी जलसंपदा विभाग, तहसीलदार आणि पोलीस ठाणे, तिघांनाही लेखी अर्ज. त्या दिवशी दरवाजे हलणार नाहीत ना आणि कालव्याचं आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) कधी आहे, याचं उत्तरही लेखीच घ्या.

प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा आहे. फेब्रुवारीत दहा किलोमीटर पोहणार म्हणतो. सराव किती हवा, आणि पाण्यात खायला काय द्यायचं? (अमळनेर)

उत्तर: ताई, आज तो आठवड्याला आठ किलोमीटर पोहत असेल तर वीस आठवडे हाताशी हवेत. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको, चौथ्या आठवड्यात थोडं कमी. शेवटी आठवड्याला १८ ते २० किलोमीटर व्हावेत आणि एकदा तरी सलग सात किलोमीटर. खांदा समोरून दुखू लागला तर बहुतेक वेळा हात डोक्यासमोर मधली रेष ओलांडून पाण्यात पडत असतो. आधी तो दोष काढा. गोळ्या घेऊन अंतर वाढवू नका.

खाणं तुमच्या जिल्ह्यातच पिकतं. तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम गूळ आणि पाव चमचा मीठ, दोनदा गाळून. त्यातलं पाव लिटर दर अर्ध्या तासाला, आणि तासाला एक मध्यम केळं. गुळातून ३० आणि केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. केळं पूर्ण पिकलेलं हवं, काप अंगठ्याएवढे. आडवं झालेलं शरीर मोठा घास सहज गिळत नाही. गूळपाणी थर्मासमध्ये कोमट ठेवा. बाटलीला नावेपासून त्याच्यापर्यंत पुरेल एवढी दोरी बांधून फेकायची आणि ओढून घ्यायची. एक थांबा अर्ध्या मिनिटाचा, गप्पा नकोत. हे सगळं सरावातच पोटाला सवयीचं करा. त्या दिवशी पहिल्यांदा दिलेला कुठलाही पदार्थ तिसऱ्या तासाला उलटून पडतो. आदल्या रात्री शेवभाजी नको, मुगाची खिचडी आणि दही चालेल.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं. लेप्टोस्पायरोसिसबद्दल (दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराबद्दल) डॉक्टरांशी बोला, अंगावर ताजी जखम असेल तर उतरू देऊ नका. गावाचा नाला मिळतो त्याच्या खालच्या अंगाला सराव नको. पाण्यावर हिरव्या रंगाची साय दिसली तर त्या दिवशी तलावात पाठवा.

प्रश्न: मी सोबतच्या नावेत असणार आहे. मला काय येणं गरजेचं? (भुसावळ)

उत्तर: पोहणाऱ्यापेक्षा तुमचं काम अवघड आहे. पूर्ण वेळ तुम्ही पाहत बसायचं, फोन पिशवीत. तो ज्या बाजूला श्वास घेतो त्या बाजूला चार-पाच मीटरवर नाव ठेवा, म्हणजे तो तुम्हाला पाहूनच सरळ जाईल. इंजिनची नाव असेल तर त्याच्या जवळ जाताना इंजिन बंदच. त्याच्या कमरेला भडक रंगाचा ओढता फुगा आणि डोक्याला केशरी टोपी हवी.

दर अर्ध्या तासाला, तो एका मिनिटात किती हात मारतो ते मोजून वहीत लिहा. सुरुवातीला ६० होते आणि ५२ वर आले, शिवाय तो रेष सोडून भरकटतोय, तर अंग गार पडत चाललंय. आज वार कोणता, घरचा फोन नंबर काय, असं साधं विचारा. उत्तर अडखळलं किंवा जीभ जड वाटली की पोहणं संपलं. तो नाही म्हणेल. गार पडलेल्या माणसाचं मत त्या वेळी धरायचं नसतं, आणि हा अधिकार तुमचा आहे हे आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून घ्या.

बाहेर घेताना नावेच्या कडेवरून ओढू नका, नाव पलटते. मागच्या टोकाकडून घ्या, इंजिन बंद. ओले कपडे काढा, कोरडं करा, दोन ब्लँकेट आणि कानटोपी घाला आणि झोपवून ठेवा. पाण्याबाहेर आल्यावरही अर्धा तास शरीराचं तापमान उतरत राहतं, म्हणून लगेच चालवू नका, चोळू नका, शेकोटीजवळ बसवू नका. पूर्ण शुद्धीत असेल तर कोमट गोड चहा चालेल. १०८ ची गाडी कुठपर्यंत येऊ शकते ती जागा आधी पाहून ठेवा. नदीकाठचे बरेचसे रस्ते ट्रॅक्टरचेच असतात.

प्रश्न: काहींनी 'प्रत्येक किलोमीटरला इतके रुपये' अशी देणगी कबूल केली आहे. घ्यावी का? (चोपडा)

उत्तर: नको. आठव्या किलोमीटरला कुडकुडणारा माणूस पुढच्या दोन किलोमीटरच्या पैशांचा विचार करतो, आणि नावेतले लोकही करतात. देणगी एकरकमी घ्या, पोहणं पूर्ण होवो वा न होवो, आणि शक्यतो आधीच. वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खालची पूर्तता करा. पैसे नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट जाऊ द्या, पोहणाऱ्याच्या खात्यात नको. आयकरात सूट हवी असणाऱ्यांकडून २००० रुपयांवर रोख घेऊ नका, त्यांना वजावट मिळत नाही. नाव, डिझेल आणि जेवणाचा खर्च वेगळ्या वहीत लिहा आणि तो वर्गणीतून काढायचा नाही असं पावतीवरच छापा.