कंसात अख्खी लिंक नको, मग लिहायचं काय?

प्रश्न: माझ्या पेपरात बरीचशी माहिती वेबसाइटवरची आहे. प्रत्येक वाक्यापुढे कंसात लिंक पेस्ट केली होती, तर गाइडनी सगळ्या लिंकांवर लाल रेघा मारल्या. काही पानांवर लेखकाचं नाव नाही, तारीख नाही, पान नंबर तर कुठेच नाही. मग कंसात लिहू काय? संदर्भ द्यायची स्टाइल एपीए आहे.

उत्तर: गाइड बरोबर आहेत हो. लिंक जाते शेवटच्या संदर्भ यादीत. कंसाचं काम एवढंच, की वाचणाऱ्याला यादीतली ती नोंद झटकन सापडावी, म्हणून यादीत नोंद ज्या नावाने सुरू होते तेच नाव कंसात आणि पुढे वर्ष. आधी यादी करा, कंस आपोआप सुटतात.

लेखक नाही म्हणता, पण बहुतेक वेळा असतो, फक्त तो माणूस नसतो. जागतिक आरोग्य संघटनेचं पान असेल तर संघटनाच लेखक, म्हणजे (जागतिक आरोग्य संघटना, २०२३). संस्थाही कळत नसेल तर पानाचं शीर्षक, लांबलचक असेल तर पहिले दोन-चार शब्द. (आणि कोणी लिहिलंय हेच कळत नाही असं पान पेपरात हवंच कशाला, हेही एकदा बघा!)

तारखेत मात्र सगळे फसतात. पानाच्या तळाशी कॉपीराइटचं वर्ष असतं ना, ते उचलायचं नाही, ते अख्ख्या साइटचं असतं, त्या मजकुराचं नाही. तारीख नसेल तर सरळ एन.डी. लिहा, म्हणजे नो डेट. एकाच संस्थेची अशी दोन पानं असली तर एन.डी.-ए, एन.डी.-बी.

पान नंबर फक्त शब्दशः उतारा घेतला तरच अडतो. तेव्हा परिच्छेद मोजा आणि परिच्छेद ४ असं लिहा, किंवा त्या भागाचं उपशीर्षक द्या. पण उद्या एखाद्या जर्नलने एमएलए ही दुसरी स्टाइल मागितली तर हे चालणार नाही हं, तिथे पानावर परिच्छेदांचे नंबर आधीपासून छापलेले नसतील तर ते आपण मोजायचे नाहीत, आणि कंसात वर्षही नसतं.

एक सूट आहे. अख्ख्या साइटचा नुसता उल्लेख असेल, तिथली ठरावीक माहिती घेतली नसेल, तर वाक्यात साइटचं नाव आणि कंसात लिंक चालते, यादीत नोंद लागत नाही. तुमच्या लाल रेघांमध्ये अशी एखादी सापडली तर तेवढी गाइडना दाखवून बघा.