केल्टिक स्टडीजच्या (आयर्लंड, वेल्स वगैरेंच्या जुन्या भाषा-संस्कृतींच्या अभ्यासाच्या) जर्नलकडे भारतातून शोधलेख पाठवला तर घेतील का?

तुम्ही लिहिलंय की संस्कृतात एम.ए. झालंय, प्राचीन आयर्लंडमधला ऋणकोच्या दारात उपाशी बसण्याचा कायदा आणि आपल्याकडचं धरणं यांची तुलना करणारा लांबलचक लेख तयार आहे, पण मागे कुठल्या विद्यापीठाचं नाव नाही. तर घेतील का?

नावाची काळजी सोडा. जुन्या आयरिशचा माझा अभ्यास आहे म्हणून असे लेख अधूनमधून परीक्षणासाठी येतात, ते लेखकाचं नाव काढूनच. मी आधी तळटिपा बघतो. तिथे १८६५ ते १९०१ दरम्यान निघालेले 'एन्शंट लॉज ऑफ आयर्लंड' या जुन्या आयरिश कायद्यांच्या भाषांतराचे खंड दिसले की पुढचं वाचायचा उत्साहच मावळतो. इंटरनेटवर फुकट मिळतात म्हणून नवखी मंडळी तेच वापरतात, पण त्यातली भाषांतरं भरवशाची नाहीत. मूळ पाठ डी. ए. बिंची यांच्या १९७८ च्या सहा खंडी 'कॉर्पस इउरिस हिबेर्निकी' या आयरिश कायद्याच्या मूळ पाठांच्या संग्रहामधून द्यायचा, पान आणि ओळ सांगून. त्यात भाषांतर नाही, त्यामुळे तुम्हाला आयरिश येतं की नाही हे तिथेच कळतं. फर्गस केली यांचं जुन्या आयरिश कायद्यावरचं १९८८ चं मार्गदर्शक पुस्तक हाताशी ठेवा. शब्दांसाठी 'ईडिल' हा जुन्या आयरिशचा कोश ऑनलाइन आहे, फुकट.

दुसरी अडचण म्हणजे ही तुलना जुनी आहे. कायद्याचे इतिहासकार हेन्री मेन यांनी १८७५ मध्येच ती केली. त्यामुळे 'दोन्हीकडे उपास, म्हणजे उगम एकच' एवढंच म्हणणं असेल तर लेख परत आलाच म्हणून समजा. तपशिलात शिरा. आयरिश कायद्यात हा उपास वाटेल त्याच्या दारात करत नसत. प्रतिवादी वरच्या दर्जाचा असेल तर जप्तीच्या आधी ही पायरी घ्यावी लागे. त्याने तारण देऊ केलं नाही आणि खुशाल जेवला, तर दुप्पट भरायचं. उलट, रीतसर तारण देऊ केल्यावरही धनको हट्टाने उपाशी बसून राहिला तर त्याचाच दावा बुडायचा. उपास करणाऱ्यालाही असा लगाम आपल्याकडे होता का? मनुस्मृतीत (८.४९) कर्जवसुलीचे पाच उपाय आहेत, त्यातल्या 'आचरिता'खाली टीकाकार द्वारोपवेशन, म्हणजे दारात बसून राहणं, सांगतात. ते सगळं तुम्ही मुळातून वाचू शकता, केल्टिकवाल्यांपैकी फार थोड्यांना ते जमतं. तुमचं भांडवल हेच आहे. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने धरण्याचं वर्णन केलंय, आणि १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०८ खाली दारात धरणं धरून बसणाऱ्याचं उदाहरण चक्क छापलेलं आहे. (गंमत म्हणजे व्हिटली स्टोक्स हा आयरिश पंडित व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता आणि मध्ययुगीन आयरिश ग्रंथ कलकत्त्यात छापून घ्यायचा. तळटिपेत त्याला जागा द्या, लेखात नको.)

माझं मत विचाराल तर लेख निम्म्यावर आणा आणि उपास करणाऱ्यावरच्या लगामाच्या त्या एका नियमाभोवतीच बांधा.

मग कुठे पाठवायचा? 'एरिऊ' हे रॉयल आयरिश अकॅडमीचं, १९०४ पासूनचं जर्नल. पण त्यांचा भर आयरिश भाषा आणि वाङ्मयावर आहे, तुमचा लेख तिथे उपरा वाटेल. डब्लिन इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीजचं 'केल्टिका' किंवा वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथहून निघणारं 'केंब्रियन मेडीव्हल केल्टिक स्टडीज' बघा. कायद्याची बाजू वरचढ ठरली तर 'आयरिश ज्युरिस्ट'. प्रत्येकाचे गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक चाळा आणि तळटिपांची पद्धत त्यांच्या नियमांप्रमाणे करा. एकाच वेळी दोघांकडे पाठवू नका, कळलं तर दोन्हीकडची दारं बंद होतात. उत्तराला महिनोन्‌महिने लागतात. सहा महिने झाले तर विनम्र मेल करायला हरकत नाही.

आणि लेख छापायचे पैसे मागणारी, 'आठवड्यात स्वीकृती' देणारी मेलं येतील, ती सरळ उडवा. यूजीसीने २०२५ मध्ये केअर ही मान्य जर्नलांची यादी बंद केल्यापासून 'आम्ही यादीत होतो' म्हणणारेही त्यातच धरा.

लेखात देवनागरी उतारे असतील तर ते रोमन लिप्यंतरात द्या, आणि पीडीएफ करताना फाइलच्या प्रॉपर्टीजमधून आपलं नाव पुसा. तिथे ते हमखास राहून जातं.