कोकोपीट, माती की पाला? (जरा लांबलेलं उत्तर)

कुंड्या-वाफे भरायला कोकोपीट, पीट मॉस, परलाइट आणि लाल माती यांत पर्यावरणाला कमी त्रास कशाचा, हा तुमचा प्रश्न. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. रस्त्यावरच्या झाडांचा वाळका पाला पालिकेकडे मागायला गेलात आणि 'नियमात बसत नाही' म्हणून परत पाठवलं. हेच वाक्य मीही ऐकून आलोय. त्यावर नंतर येतो, कारण एकदा सुरू झालो की थांबत नाही.

मी शेतकीचा पदवीधर नाही, गच्चीवर भाजी लावणारा माणूस आहे. कुंडीला भोकं, निचरा वगैरे तुम्हाला येतंच असं धरतो.

पीट मॉस, म्हणजे दलदलीत साठलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ, यादीतून काढूनच टाका. ते कॅनडा किंवा बाल्टिक देशांतल्या दलदलींतून येतं आणि तिथे त्याचा थर वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो. अशा जमिनी जगाच्या भूभागाच्या 3 टक्क्यांच्या आसपास, पण सगळ्या जंगलांत मिळून नाही एवढा कार्बन त्यांच्यात साठलाय. उपसलं की तो हवेत जायला लागतो. आयर्लंडच्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने 2021 मध्ये पीट काढणं कायमचं थांबवलं. तिकडचे सोडतायत आणि आपण टोमॅटोसाठी मागवायचं?

कोकोपीटचं एवढं सोपं नाही. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा हा भुसा, त्यामुळे वाया जाणाऱ्या मालाचा उपयोग होतो हे खरं. पण त्यात सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात. 5 किलोची वीट भिजवली की 60-70 लिटर माल होतो आणि पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं. ते दोन-तीनदा बदलावं लागतं. म्हणजे 'पाणी वाचवणारं माध्यम' आधी बादल्याच्या बादल्या पितं. कारखान्यांत हेच धुणं घाऊक प्रमाणात चालतं, आणि तमिळनाडूत पोल्लाचीच्या बाजूला त्याने विहिरी खराब झाल्याच्या तक्रारी आहेत. तुमच्या मिरचीच्या पानांच्या कडा करपल्यात ना? खताला दोष देण्याआधी वीट धुतली होती का ते बघा. रोपांच्या ट्रेसाठी मात्र मी अजूनही कोकोपीटच वापरतो. जुनं झालं तरी फेकत नाही, मिश्रणात घालतो.

लाल मातीवर माझा जास्त राग. 'नैसर्गिक' म्हणून पोती विकतात, पण ती कुठल्या तरी टेकडीचा उतार पोखरून आलेली असते. माती हवीच असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेतून धरणातला गाळ आणलाय का विचारा आणि दोन पाट्या मागून घ्या. चिकट असतो, एकटा वापरू नका.

आता ते कार्यालय. नाव घेत नाही. आमच्या रस्त्याला पर्जन्यवृक्षांची रांग आहे. फेब्रुवारी-मार्चात बारीक पानांचा खच पडतो आणि ही पानं आंब्याफणसाच्या पानांपेक्षा कितीतरी लवकर कुजतात. माझं म्हणणं एवढंच होतं, की झाडलेली पोती डेपोला नेण्याऐवजी आमच्या फाटकात टाका, तुमचंच डिझेल वाचेल. उद्यानवाले म्हणाले, झाड आमचं, पण पडलेलं पान घनकचऱ्याचं. घनकचरावाले म्हणाले, कचरा खासगी माणसाला द्यायची तरतूद नाही. अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का मात्र लगेच मिळाला! ही टोलवाटोलवी चालू असताना कोपऱ्यावर तोच पाला पेटवला जात होता. तेव्हाच्या 2016 च्या घनकचरा नियमांत उघड्यावर जाळायला बंदी होती, हे त्यांना मी सांगायचं. पाऊस आला, रस्ता धुऊन निघाला, अर्ज जागच्या जागी. त्या वर्षी वाफे भरायला तमिळनाडूतून ट्रकने आलेल्या कोकोपीटच्या विटा विकत आणल्या आणि दारातल्या पाल्याचा धूर खाल्ला. पैशांपेक्षा याचाच संताप जास्त.

शेवटी काम झालं ते झाडलोट करणाऱ्या मावशींमुळे. पोती ओढत न्यायचे कष्ट वाचले तर त्यांनाही हवेच होते. रिकामी पोती मी देतो, भरलेली त्या फाटकाशी ठेवतात. हे नियमात बसतं का, मला विचारू नका. पुण्यात असाल तर 'ब्राऊन लीफ'वाल्यांकडे बघा, पाला असलेले आणि हवा असलेले यांची गाठ घालून देतात.

तर माझं मत: दोन भाग कुजलेला पाला, एक भाग गाळ किंवा माती, उरलं तर जुनं कोकोपीट. हे दरवर्षी खाली बसतं आणि वरून भर घालावी लागते, हा त्याचा तोटा. स्लॅबवर किती वजन चालेल ते इंजिनिअरला विचारा, ओली माती फार जड होते.

परलाइट राहिलंच. ज्वालामुखीची काच 900 अंशांच्या आसपास तापवून फुगवलेली. कुजत नाही, वर्षानुवर्षं टिकते, पण आधी जवळच्या भातगिरणीत जळकं तूस मिळतंय का बघा, मिश्रण मोकळं ठेवायला तेवढं पुरतं.

आणि पोतं ओतताना हातमोजे घाला, गुटख्याच्या पुड्यांपासून काचेपर्यंत काहीही निघतं. पाल्यात पैसा किडे दिसले तर औषध मारू नका, ते कुजवायचंच काम करतायत. गोगलगायी मात्र रात्री टॉर्च घेऊन वेचा.