आधी कान तयार कर, मग परीक्षेचा फॉर्म भर

ताई, अमळनेरात बसून मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे डॉक्टरांचं बोलणं ऐकून रुग्णाची नोंद टाइप करण्याचं काम, शिकायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. मी जळगावातून बारा वर्षं हेच काम करतेय. पण एकदम सीएचडीएस, म्हणजे या कामाची वरची प्रमाणपत्र परीक्षा, नको. या परीक्षा घेणाऱ्या अमेरिकेतल्या एएचडीआय संस्थेची पहिली पायरी आरएचडीएस. ती पास झाल्यावर, रुग्णालयीन कामाचा दोन वर्षांचा अनुभव गाठीशी आला की मग सीएचडीएस. जुनी मंडळी सीएमटी म्हणतात, ते सीएचडीएसचंच आधीचं नाव.

सुरुवातीला एवढंच धर:

- रोज तासभर डिक्टेशन, म्हणजे डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेला मजकूर, ऐक. टायपिंगचा वेग आपोआप वाढतो, कान नाही वाढत.
- शब्द घोकू नकोस, फोड. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. एवढ्याशा फरकाने आजार उलटा होतो. 'इलियम' तर ऐकायला एकच, पण एका स्पेलिंगचं कमरेचं हाड, दुसऱ्याचं लहान आतड्याचं शेवटचं टोक. संदर्भ वाचल्याशिवाय लिहायचं नाही.
- कळलं नाही तर जागा रिकामी सोड, खूण कर. अंदाज लावू नकोस.

अंदाज लावायची ही चूक मी केलीय. 'फिफ्टीन' होतं, मी ५० मिलिग्रॅम लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी पकडलं म्हणून निभावलं. त्या रात्री झोप लागली नाही मला.

नोकरीची हमी देऊन आधीच मोठी फी मागणाऱ्या क्लासपासून लांब राहा. आता बरंचसं काम मशीनने लिहिलेलं दुरुस्त करण्याचं असतं, म्हणून इंग्रजी व्याकरण पक्कं कर. औषधांच्या याद्या, फॉरमॅटचे नियम नंतर बघू. महिनाभर ऐकून झालं की कुठे अडतेस ते कळव.