पुढच्या दोन रांगा रिकाम्याच होत्या!

पत्रं बरीच साठली आहेत. त्यातली एकाच जातीची या वेळी काढली: विमानातली पुढची सीट, तिथली पांघरुणं, तिथलं स्वच्छतागृह, आणि हे सगळं पैसे न मोजता वापरता येतं का. एक खुलासा आधीच करते. पत्रांत सगळ्यांनी ‘फर्स्ट क्लास’ लिहिलंय. आपल्या देशातल्या देशात फिरणाऱ्या विमानांत पडद्यापुढे असतो तो बहुधा बिझनेस क्लास. खरा फर्स्ट क्लास लांब पल्ल्याच्या काही परदेशी फेऱ्यांवरच उरलाय. पण तुम्ही म्हणा फर्स्ट क्लास, मला कळतं.

निपाणीहून एक सूनबाई : ताई, दिवाळीनंतर आम्ही घरातली सगळी काशीला निघालो. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून दिल्ली आणि तिथून पुढं. मामंजींचा हा पहिलाच विमानप्रवास. पट्ट्याचा दिवा विझला तसे ते उठले, पडदा सारून पलीकडे गेले आणि मोठ्या सीटवर पाय पसरून बसले. दोन रांगांत मिळून दोनच माणसं होती. एअर होस्टेस आली आणि ‘ये आपके लिए नहीं है, पीछे जाइए’ म्हणाली, तेही चार रांगांना ऐकू जाईल असं. मामंजी म्हणाले, ‘रिकामीच हाय की, कुणाचं काय जातंय?’ शेवटी आमचे हे जाऊन त्यांना घेऊन आले. तंबाखूच्या व्यापारात उभा जन्म मानानं काढलेला माणूस, दिल्लीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. येताना त्यांनी हट्टानं रेल्वेचं तिकीट काढायला लावलं. त्यांचं म्हणणं, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये टीसी फरक घेऊन बर्थ देतो, मग इथं पैसे न विचारताच उठवलं कसं? आम्ही तक्रार करावी का?

उत्तर : सूनबाई, सीटबद्दल तक्रार करू नका, ती टिकणार नाही. आवाजाबद्दल मात्र जरूर करा.

मामंजींच्या हिशेबाचं आधी बघू. गाडीत बर्थ रिकामा असला तर फरक घेऊन, पावती करून तो द्यायचा अधिकार टीसीला असतो. विमानात असा माणूस बहुतेक वेळा नसतोच. काही कंपन्या विमानातसुद्धा कार्डावर पैसे घेऊन पुढची सीट देतात, पण आपल्याकडं हा व्यवहार मुख्यतः काउंटरवर नाहीतर ॲपवर, म्हणजे चढायच्या आधी उरकतो. त्या पोरीनं मामंजींना बसू दिलं असतं तर कंपनीची सीट तिनं आपल्या मर्जीनं फुकट वाटल्यासारखं झालं असतं, आणि दिल्लीला उतरल्यावर जाब तिला द्यावा लागला असता.

आणि ‘कुणाचं काय जातंय’ याचं उत्तर निपाणी स्टँडवरच मिळेल. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस सरकारी बसला शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. तेच तिकीट मागून ‘राजहंस’ या आरामबसमध्ये बसून बघा. निम्मी गाडी रिकामी असली तरी कंडक्टर पूर्ण पैसे मागणार, नाहीतर उतरवणार. त्यावर आपण कधी वाद घालत नाही. पुढं बसलेल्या त्या दोघांनी जे पैसे मोजले त्यात रुंद सीट येते, तशी शांतताही येते, आणि शेजारची रिकामी सीटसुद्धा त्यांच्या सुखातच धरायची.

बऱ्याच जणांना वाटतं, इतक्या माणसांत कुणाला कळतंय. मी केबिन क्रूमध्ये होते तेव्हा दार बंद व्हायच्या आत आमच्या हातात यादी यायची. आता ती टॅबवर दिसते. पुढच्या प्रत्येक सीटसमोर नाव, जेवण शाकाहारी की मांसाहारी, वारंवार येणारा प्रवासी आहे का, सगळं त्यात. ट्रे मोजून चढवलेले. आम्ही पहिलं पाणी द्यायला जातो तेव्हाच ‘नमस्कार अमुक सर’ असं नावानं बोलतो, म्हणजे दहा मिनिटांत चेहरे पाठ. तिथं यादीबाहेरचा चेहरा दिसला की लपणार कसा?

मामंजींसारखी माणसं मला कधी जड गेली नाहीत. त्यांना खरंच माहीत नसतं, सांगितलं की उठतात. जड जायचे ते महिन्यातून चारदा उडणारे. एक जात अशी, की पुढच्या स्वच्छतागृहात जायचं आणि परतताना अलगद पुढच्याच रांगेत टेकायचं. दुसरी जात डोळ्यावर पट्टी ओढून झोपेचं सोंग घेणारी. सगळ्यात हुशार जात हवा खराब व्हायची वाट बघते. पट्ट्याचा दिवा लागला की पुढं जाऊन बसायचं, पट्टा आवळायचा आणि आम्हाला ऐकवायचं, ‘मॅडम, आता तर उठायची मनाई आहे ना?’ अशाला मी दिवा विझेपर्यंत बसू द्यायची. पाणीसुद्धा विचारायची नाही. शेजारच्याला गरम टॉवेल, ह्याच्यासमोरून ट्रे तसाच पुढं. दिवा विझला की जाऊन उभी राहायची.

आता आवाजाचं. हे काम करायची एक रीत शिकवतात आणि ती चांगली आहे. सीटच्या बाजूला खाली वाकून बसायचं, म्हणजे आपलं तोंड त्यांच्या तोंडाच्या पातळीला येतं. हळू आवाजात विचारायचं, ‘काका, तुमचा बोर्डिंग पास बघू का?’ पास बघायचा, सीट नंबर बोटानं दाखवायचा आणि ‘चला, मी सोडते तुमच्या जागेवर’ म्हणून आपणच पुढं चालायचं. मागच्या लोकांना वाटतं, काकांना काहीतरी हवं होतं. एवढ्यानं भागतं. ‘आपके लिए नहीं है’ हे वाक्य त्यात कुठंच बसत नाही. म्हाताऱ्या माणसाला उभं करून बोलणं ही शिस्त नव्हे, तो उद्धटपणा.

म्हणून लिहा. पहिलं पत्र कंपनीच्या ग्राहक विभागाला आणि तिथल्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला: फ्लाइट नंबर, तारीख, सीट नंबर, काय वाक्य बोललं ते जसंच्या तसं. मामंजी चुकीच्या जागी बसले होते हेही तुम्हीच आधी लिहा, म्हणजे त्यांना तेवढंच धरून बसता येणार नाही. उत्तर आलं नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं ‘एअरसेवा’ आहे, तिथं ऑनलाइन तक्रार नोंदवता येते.

एक गोष्ट मात्र मामंजींना सांगून ठेवा. बसणं एक, आणि सांगूनही न उठणं वेगळं. क्रूनं दिलेली सूचना धुडकावली, शिवीगाळ केली, तर विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएच्या 2017 च्या नियमांप्रमाणे विमानप्रवासाला बंदी येऊ शकते: तोंडी दांडगाईला 3 महिन्यांपर्यंत, अंगावर गेल्यास 6 महिन्यांपर्यंत, जिवाला धोका होईल असं वागल्यास 2 वर्षं किंवा जास्त. मामंजींचं प्रकरण यातल्या पहिल्या पायरीपर्यंतही गेलेलं नाही, काळजी नको.

पाय पसरायचेच असतील तर वाट आहे. दार बंद झाल्यावर आपल्याच वर्गात पूर्ण रांग रिकामी दिसली तर बेल दाबून विचारायचं. बहुतेक वेळा हो म्हणतात. जादा पैसे घेऊन विकलेल्या पुढच्या रांगा यातून वगळा, आणि आपत्कालीन दाराची रांगही. तिथं म्हातारी माणसं, मुलं, गरोदर बायका यांना बसवत नाहीत, कारण वेळ आली तर ते जड दार उघडायचं काम त्या रांगेवर असतं. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळावर येणाऱ्या एटीआरमध्ये, मागच्या दारानं चढतो आपण त्या पंख्याच्या विमानात, सगळ्या सीटा एकाच वर्गाच्या. तिथं तर रिकामी सीट बघून परस्पर हलूच नका. माणसं थोडी असली की कोण पुढं, कोण मागं यावर विमानाच्या तोलाचा हिशेब असतो, आणि तो उड्डाणाआधीच मांडलेला असतो.

पुढची सीट फुकट मिळते का? मिळते, पण मागच्या वर्गाची तिकिटं सीटांपेक्षा जास्त विकली गेली असतील तेव्हा. मग कंपनी काही जणांना पुढं सरकवते, आणि पहिला नंबर तिच्या नेहमीच्या प्रवाशांचा लागतो. कोट घालून गेल्यानं काही होत नाही. हनिमूनला निघालोय सांगून केक मिळेल, सीट नाही. आमच्या गल्लीतले एक काका क्रूला देण्यासाठी कुंद्याचा डबा घेऊन जातात. त्यांना दुसरा चहा मिळतो. कुंदा उत्तम असतो, मी खाल्लाय.

खानापूरहून एक वाचक : माझ्या मुलानं बंगळूर–मुंबईचं बिझनेसचं तिकीट पैसे भरून काढलं होतं. पायाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून. गेटवर सांगितलं, विमान बदललंय, मागं बसावं लागेल. हातात एक कूपन दिलं. फुकट्यांना उठवतात ते ठीक, पण पैसे भरलेल्याला मागं ढकलतात त्याचं काय?

उत्तर : हे पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण इथं फुकट वापरणारी बाजू उलटी आहे. तुमच्या मुलाच्या पुढच्या सीटचे पैसे कंपनीकडं राहिले आणि सीट त्याला मिळाली नाही.

याला नियम आहे, आणि तो काउंटरवर कुणी आपण होऊन सांगत नाही. 15 फेब्रुवारी 2023 पासून डीजीसीएनं ठरवून दिलंय: प्रवाशाच्या मर्जीविरुद्ध त्याला खालच्या वर्गात बसवलं, तर देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या किमतीच्या 75 टक्के रक्कम, करासकट, परत द्यायची. परदेशी प्रवासात अंतरावर ठरतं: 1500 किलोमीटरपर्यंत 30 टक्के, 1500 ते 3500 पर्यंत 50 टक्के, त्यापुढं 75 टक्के. म्हणजे समजा तिकीट 12,000 चं होतं, तर 9,000 रुपये तुमचे. दोन टप्प्यांचा प्रवास असेल तर ज्या टप्प्यावर मागं बसवलं त्यापुरता हिशेब.

कूपन घेताना कुठं सही केली का, मुलाला विचारा. ‘पूर्ण समाधान झाले’ अशा अर्थाचं काही असेल तर आधी त्याची नक्कल मागा. मूळ तिकीट, दोन्ही बोर्डिंग पास (पहिल्यावर जुना सीट नंबर असेल) आणि विमान बदलल्याचा मेसेज एकत्र करून मेल पाठवा. मेलमध्ये ‘अपग्रेड’, ‘गैरसोय’ असले शब्द नकोत. ‘मर्जीविरुद्ध डाउनग्रेड, 75 टक्के परतावा’ एवढंच, आणि बँक खातं. फोनवर बोलू नका. फोनवर गोड बोलतात आणि लिहून काही देत नाहीत.

शहापूरहून एक नात : आजीनं येताना विमानातलं ब्लँकेट पिशवीत घातलं. घरी आल्यावर कळलं. आता ती म्हणते, तिकिटातच आलंय ते.

उत्तर : नाही आलेलं. छोटी थैली देतात, दात घासायचा ब्रश, मोजे, डोळ्यावरची पट्टी असलेली, ती तुमची. काही परदेशी कंपन्या फर्स्ट क्लासला रात्रीचे कपडे देतात, तेही घरी नेता येतात. ब्लँकेट, उशी, कानाला लावायचे मोठे हेडफोन परत द्यायचे. आजींना रागावू नका, पण पुढच्या वेळी पिशवी तुम्ही भरा. सीटखालचं लाइफ जॅकेट मात्र लोक आठवण म्हणून नेतात, त्यांना मी रागावते. पुढच्या फेरीला त्या सीटवर बसणाऱ्याच्या जिवाचं आहे ते, आणि नेणं हा सरळ गुन्हा आहे.

चिकोडीहून एक शिक्षक : मला मधुमेह आहे. मागं स्वच्छतागृहापुढं सात-आठ माणसांची रांग होती, पुढचं रिकामं. जायला निघालो तर अडवलं.

उत्तर : आपापल्या वर्गाचं स्वच्छतागृह वापरायचं अशी कंपन्यांची सर्वसाधारण रीत आहे, आणि अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत 2001 नंतर ती जास्तच काटेकोर झाली. पण तब्येतीपुढं रीत थांबते. चढतानाच दारातल्या क्रूला सांगून ठेवा, ‘शुगर आहे, मधे अडचण आली तर पुढं येऊ का?’ मला कुणी असं सांगितलं आणि मी नाही म्हटलं, असं आठवत नाही. सीट निवडताना मागच्या तीन रांगांतली घ्या. आवाज जास्त येतो, पण अंतर कमी.

बेळगावहून, टिळकवाडीतला एक नोकरदार : माझ्या क्रेडिट कार्डावर लाउंज, म्हणजे विमानतळावरची बसायची-जेवायची खास खोली, फुकट आहे. मित्र म्हणतो, परत करता येईल असं महागडं तिकीट काढायचं, लाउंजमध्ये जेवायचं आणि तिकीट रद्द करायचं. चालतं का?

उत्तर : तुमच्या मित्राच्या आधी हे चीनमध्ये एकानं केलंय. 2014 च्या सुरुवातीला बातमी आली होती. शीआन विमानतळावर त्यानं फर्स्ट क्लासचं एकच तिकीट काढलं, लाउंजमध्ये जेवायचा आणि तारीख पुढं ढकलून घरी जायचा. वर्षभरात तीनशेहून जास्त वेळा तारीख बदलली, आणि चौकशी सुरू झाल्यावर तिकीट रद्द करून पैसेही परत घेतले. तो सुटला. पण 2016 साली सिंगापूरच्या चांगी विमानतळावर एक जण खोटे बोर्डिंग पास बनवून 18 दिवस लाउंजांतून राहिला, त्याला दोन आठवडे तुरुंगात काढावे लागले. मित्राला दोन्ही गोष्टी सांगा आणि तो कुठली लक्षात ठेवतो ते मला कळवा.

तुमच्या कार्डाचं म्हणाल तर लाउंज ‘फुकट’ असतं ते बँक तुमच्यासाठी पैसे भरते म्हणून. तिमाहीत किती वेळा, आधी किती खर्च केलेला हवा, या अटी बँका सारख्या बदलतात. निघायच्या आदल्या दिवशी ॲपमध्ये बघा, आणि मिसेसना सोबत नेणार असाल तर पाहुण्याचे वेगळे पैसे कापतात का तेही.